बाईंचा सकाळचा प्रश्न

बाई प्रार्थनेत डोळे मिटत नसत. होस्टेलच्या जेवणघरात आम्ही चाळीस मुली सतरंजीवर माना खाली घालून बसायचो आणि बाई भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. डोळे टक्क उघडे. एकेकीच्या चेहऱ्यावरून नजर सावकाश फिरत असायची. मला हे कळलं, कारण पहिल्याच आठवड्यात मी एक डोळा किलकिला केला आणि नेमकी त्या नजरेत सापडले.  पुढची तीन वर्षं मी प्रार्थनेत पापणी हलू दिली नाही.

सांगलीतल्या एका मिशन दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत मी शिकत होते आणि बाई आमच्या वॉर्डन होत्या. त्याआधी बरीच वर्षं त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. उंच, काटकुळ्या, लग्न न केलेल्या. पांढरी सुती साडी, पायात रबरी चपला आणि खांद्यावर पदराला सेफ्टी पिनेने अडकवलेलं पुरुषी घड्याळ. सकाळच्या चहात चपाती बुडवून खायच्या आणि सोबत एक हिरवी मिरची, तीही न बघता, शेंगदाणा खावा तशी. त्या चालताना आवाज व्हायचा नाही. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटून वळावं, तर बाई.

पण आमची भीती या कशाची नव्हती. भीती होती ती त्यांच्या प्रश्नाची. गाणं झालं, प्रार्थना झाली, आमेन म्हणून डोळे उघडले, की बाई कुणातरी एकीकडे बोट करायच्या.

"तू बोल. आज देव तुला काय म्हणाला?"

रोज एकच मुलगी. कुणाची पाळी येईल सांगता यायचं नाही. चार दिवसांत दोनदाही यायची, महिनाभर यायचीही नाही. आम्ही उत्तरं तयार ठेवायचो. शास्त्रातलं एखादं वचन पाठ करून ठेवायचं आणि वेळ आली की पुढे करायचं. बाई ऐकून घ्यायच्या. मग विचारायच्या, "हे तर तू वाचलंस. तो म्हणाला काय?" एकदा एक मुलगी म्हणाली, "धीर धर म्हणाला, बाई." बाईंनी विचारलं, "कसा म्हणाला? आवाज आला? की नुसतं वाटलं?" ती रडायलाच लागली. बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. "बरं, बस," एवढंच म्हणाल्या. त्या 'बरं'ची आम्हाला शिक्षेपेक्षा जास्त धास्ती होती. आपल्या आत काहीतरी कमी आहे आणि ते बाईंना दिसलं, असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं दवाखान्यातल्या लॅबमधल्या मुलाशी जमलं होतं. तिने बाईंना जाऊन सांगितलं की देवानेच मला हा मुलगा दाखवला. बाई म्हणाल्या, "असेल. पण मग त्याच्या आईलाही दाखवेल की. तोपर्यंत थांब, आणि परीक्षा दे." आमचे पाळकसाहेबही त्यांच्या तडाख्यातून सुटले नव्हते. उपासनेत ते नेहमी सांगायचे, आज सकाळी प्रभू माझ्याशी असं असं बोलला. एकदा बाहेर पडताना बाईंनी त्यांना दारातच गाठलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, तो बोलतो तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा काय कळतं? शब्द की अर्थ?" पाळकसाहेब हसले, छत्री उघडली आणि निघून गेले. बाई चिडवत होत्या असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आणखी एक आठवतं. वॉर्डन झाल्या तरी बाईंची रोज वॉर्डात एक फेरी असायची. वॉर्डात कुणी दगावलं, की नातेवाईक रडत म्हणायचे, देवाची इच्छा. बाकीच्या सिस्टर मान हलवायच्या. बाई मान हलवत नसत. "त्याची इच्छा होती की नाही, मला माहीत नाही. मला वाईट वाटतंय," असं म्हणून त्या मृताच्या अंगावरची चादर नीट करत राहायच्या. देवाचं इतकं करणारी बाई असं कसं बोलते, याचं आम्हाला कोडं पडायचं.

तिसऱ्या वर्षी, परीक्षा तोंडावर असताना, एका सकाळी बोट माझ्याकडे आलं. त्या दिवशी माझ्याजवळ वचन नव्हतं. रात्रपाळी करून आले होते, डोकं रिकामं होतं. चाळीस मुली बघत होत्या. प्रार्थनेत नुकताच उल्लेख झाला होता की साताऱ्याकडे मेढ्याच्या वर डोंगरात आपल्या मिशनचा जो छोटा दवाखाना आहे, तिथे कुणी सिस्टर टिकत नाही. तेच माझ्या तोंडातून निघालं.

"देव म्हणाला, मेढ्याच्या दवाखान्यात जा."

बाईंचं बोट खाली आलं. "वाटलं? की ऐकू आलं?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण ते 'बरं, बस' मला नको होतं.

"ऐकू आलं, बाई."

बाई किती वेळ माझ्याकडे बघत होत्या कोण जाणे. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मोठ्या माणसाचा नाहीच, लहान मुलीचा असावा तसा. मग त्या म्हणाल्या, "मग जायलाच पाहिजे," आणि रोजच्यासारखी कामं वाटून न देता सरळ आपल्या खोलीत गेल्या.

आठवडाभरात ही गोष्ट कुंडलला आमच्या घरी पोचली. वडील येऊन म्हणाले, "इथं सांगलीत नोकरी मिळत असताना त्या डोंगरात कशापायी?" पण आई त्यांना आवरत होती. "आवं, देवाचा शब्द हाय म्हणल्यावर आपण आडवं येणारं कोण?" तिचे डोळे भरून आले होते. तिला माझा अभिमान वाटत होता. खरं सांगायला त्यानंतर जागाच उरली नाही. निकाल लागला आणि मी मेढ्याच्या एसटीत बसले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागे माझी राहायची खोली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा साताऱ्याहून यायचे. झाडलोट आणि स्वयंपाक करायला गावातल्या आक्का होत्या. मोबाइलला रेंज हवी तर टेकाडावर जावं लागायचं. पावसाळा लागला, की धुकं खिडकीतून आत यायचं, कपडे आठ-आठ दिवस वाळायचे नाहीत. या सगळ्याची सवय होते. मला सवय होत नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीची. देवाच्या नावाने मी खोटं बोलले होते, आणि त्याच खोट्यावर उभी होते. एखाद्या पोराचा ताप उतरला नाही, की वाटायचं, माझ्यामुळे. आक्का पाय घसरून पडल्या, माझ्यामुळे. शास्त्रातला खोट्या संदेष्ट्यांचा भाग आला, की मी पानं उलटून पुढे जायचे. आता देव खरंच काही बोलला, तर ती शिक्षाच असेल, अशी मला खात्री होती. त्यामुळे प्रार्थना करतानाही मी ऐकत नव्हते. भराभर बोलून आमेन म्हणून टाकायचे.

मी जाऊन वर्ष झालं होतं. श्रावणात एका दुपारी एसटीतून बाई उतरल्या. न कळवता आल्या होत्या. हातात छत्री आणि सांगलीच्या भडंगाचा डबा.

"तुला बघायला आले," म्हणाल्या. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, औषधांचं कपाट उघडून तारखा पाहिल्या, आक्कांच्या गुडघ्याला पट्टी बांधून दिली. पण मधूनमधून त्या माझ्याकडे बघत होत्या, प्रार्थनेत बघायच्या तशा.  दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात आम्ही दोघींनीच प्रार्थना केली. आमेन झालं आणि त्यांनी विचारलंच. मी म्हणाले, "इथेच थांब म्हणतो, बाई." दुसरं खोटं पहिल्याइतकं जड गेलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

साडेदहाच्या सुमारास चार माणसं एका पोरीला हाताला धरून घेऊन आली. वरच्या वाडीतली सून, पहिलटकरीण, आठवा महिना. नवरा फौजेत, लांब कुठेतरी चौकीवर. सासू सोबत होती. पोरीचे पाय आणि तोंड सुजलं होतं, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी रक्तदाब घेतला. एकशे सत्तर, एकशे दहा. पुन्हा घेतला. तेवढाच. हे कशाचं लक्षण आहे ते मला माहीत होतं. फीट आली, की आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात.

तेवढ्यात एक गडी टेकाडावरून फोन करून आला. म्हणाला, "घाटात दरड आलीया. आंब्युलन्स खालीच थांबणार म्हनत्यात. डॉक्टरचा फोन लागत न्हाई."

खाली न्यायचं, तर पोरीला डोलीत घालून दोन-अडीच तास उतरायचं आणि मधली दरड पायी ओलांडायची. न न्यायचं, तर माझ्याजवळ दोन खोल्या आणि एक कपाट. सासू म्हणाली, "आमची समद्यांची बाळंतपणं हितंच झाली. पर तुमी शिकल्याल्या. तुमी म्हनाल तसं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाईंना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.

"बाई, तुम्ही प्रार्थना करा. त्याला विचारा. न्यायचं की ठेवायचं, काय म्हणतो ते मला सांगा. मी तसं करते."

"फीट येऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन आहे?"

"आहे. पण बाई, देवाची इच्छा..."

"काढ."

मी इंजेक्शन काढलं, पण हात असे कापत होते की सुई बाटलीत जाईना. आणि तिथेच, कपाटापुढे, मी सांगून टाकलं. "बाई, मी खोटं बोलले होते. देव मला काही म्हणाला नव्हता. तेव्हाही नाही, आज सकाळीही नाही. आणि आता ही पोर मेली, तर ती माझ्यामुळे मरेल."

 माझ्याकडे न बघता त्यांनी माझं मनगट धरलं, बाटलीवर टेकवलं आणि हात स्थिर होईपर्यंत धरून ठेवलं.

"आधी सुई," म्हणाल्या. "भर."

इंजेक्शन दिलं. व्हरांड्यात माणसं थांबली होती. बाई म्हणाल्या, "आता त्यांना सांग."

"न्यायचं?"

"तुला काय कळतंय?"

"इथे ठेवली तर वाचणार नाही."

"मग तसं सांग."

"देवाची इच्छा आहे असं सांगू?"

"नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्याच्या नावावर नको. तुझ्या नावावर सांग."

मी बाहेर जाऊन सांगितलं. 'देव म्हणतो' असं म्हणायच्या ऐवजी मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, 'मी म्हणते, न्यायलाच पाहिजे.' एक जण बोलला, "आवं सिस्टर, ह्या पावसात दरड वलांडायची म्हंजे जिवाशी खेळ हाय." मी म्हणाले, "हाय. पण इथं ठेवणं त्याहून वाईट." सासूने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदर खोचला. गड्यांनी बांबूला घोंगडी बांधली.

तो उतार मी अजून विसरलेले नाही. धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता, नुसते पाय वाजत होते. डोलीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाई. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाई त्याच रबरी चपलांनी चिखलातून चालत होत्या आणि एक हात घोंगडीत घालून पोरीची नाडी धरून होत्या. थोड्या वेळाने, आपण डाळ-तांदळाबद्दल बोलतो तशा साध्या आवाजात त्या बोलू लागल्या.

"माझे वडील गावोगाव वचन सांगत फिरायचे. त्यांना ऐकू यायचं. कुठल्या गावाला जायचं, कधी परतायचं, सगळं. आईलाही यायचं म्हणे. मला कधीच आलं नाही. लहानपणी वाटायचं, मोठी झाले की येईल. मग वाटलं, लग्न नाही केलं तर येईल. सेवेत गेले तर येईल. नाही आलं."

मी चालत राहिले. 

"तुम्हा मुलींना रोज विचारायचे, ते परीक्षा म्हणून नाही. वाटायचं, इतक्या जणींत एखादीला तरी येत असेल. आलेलं चेहऱ्यावर दिसेल. मग मला कळेल तरी, ते कसं असतं." त्या थांबल्या, पाय ठेवायला दगड शोधला, पुन्हा चालू लागल्या. "तू हो म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, एक सापडली. खोलीत जाऊन मी रडले होते. काल आले ती तेवढ्यासाठीच. देवाने बोलावलेलं माणूस कसं दिसतं, ते बघायला."

मी म्हणाले, "बाई, मला क्षमा करा."

"करेन," त्या म्हणाल्या. "आज नाही जमणार. पण करेन."

दरड आली. रस्त्याच्या जागी लाल मातीचा आणि दगडांचा ढीग आणि वरून अजून खडे सुटत होते. गडी एकमेकांकडे बघत उभे राहिले. बाई म्हणाल्या, "मला फार भीती वाटतेय," आणि सगळ्यांच्या आधी त्यावर पाय ठेवला. त्या भीतीबद्दल त्यांना लाज नव्हती. माझ्या ओळखीत असं दुसरं माणूस नाही. आम्ही भीतीला विश्वासाची उणीव समजत होतो. बाई तिला पावसासारखी धरत होत्या, आहे तर आहे. अर्ध्यात गेल्यावर एक मोठा दगड आमच्या पुढून घरंगळत गेला, डोली हिंदकळली, पोर कण्हली.  पलीकडे पोचलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सगळा वेळ एकही प्रार्थना केली नव्हती. नुसते तिचे श्वास मोजत होते.

अॅम्ब्युलन्सचा दिवा धुक्यात दिसला. गाडीतल्या डॉक्टरांनी पोरीला ताब्यात घेतलं, सासू तिच्याजवळ बसली, गाडी साताऱ्याकडे गेली. दरड हटेपर्यंत बाई आणि मी मेढ्यातच एका ओळखीच्या घरी राहिलो. तिथे मी त्यांना विचारलं, "मग तुम्ही ठरवता कसं?"

त्या ओल्या साडीचा काठ पिळत होत्या. "समोर काय आलंय ते बघते. जे स्पष्ट लिहून ठेवलंय ते तर रोज वाचतोच ना आपण. आजाऱ्याला टाकू नको, खोटं बोलू नको. तेवढं करता करताच माझा दिवस संपतो. चुकले असेन पुष्कळ. रोज भीती वाटते, की रस्ताच चुकलेय. पण नाडी धरलेला हात सोडून विचारायला जाता येत नाही."

तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला. मेढ्याच्या स्टँडवर बाई सांगलीच्या गाडीची वाट बघत असताना माझा फोन वाजला. सासू बोलत होती. सिझर झालं होतं. सून शुद्धीवर आली होती. मुलगी झाली होती, ती काल गेली. "डाक्टर म्हनत्यात, वर ऱ्हायली असती तर ह्यीबी गेली असती," ती म्हणाली आणि मग, जरा थांबून, "पर वाटंत हादरं लय बसलं, सिस्टर."

फोन ठेवला. मी बाकावर बसले. बाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांचे डोळे भरून वाहू लागले, ते त्यांनी पुसले नाहीत.

"आपण बरोबर केलं की चूक, बाई?"

"कळणार नाही."

"कधीच?"

"मला तरी अजून कळलेलं नाही. माझ्या अशा पुष्कळ केसेस आहेत."

गाडी लागली. मी घाईने म्हणाले, "बाई, मला सांगलीला परत घेऊन चला. मी इथे खोट्यावर आलेय. की राहू? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी देवाचा शब्द समजेन."

"म्हणूनच सांगणार नाही," त्या म्हणाल्या. छत्री उचलली, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "तिचे टाके निघाले, की ती वर घरी येईल. रक्तदाब अजून काही दिवस रोज बघायला लागेल. नाहीतर तीही जाईल. तेव्हा तिथे कोण असेल, एवढं बघ." आणि त्या गाडीत चढल्या.

बाई वारल्या, त्याला आता दीड वर्ष झालं. गेल्यावर सगळे म्हणाले, देव त्यांच्याशी रोज बोलायचा. मी काही म्हणाले नाही. त्यांनी मला क्षमा केली होती. स्टँडवरच्या त्या दिवसानंतर दोन महिन्यांनी पत्र आलं, त्यात औषधांच्या तारखांबद्दल सूचना होत्या आणि शेवटच्या ओळीत, "जमलं," एवढंच.

ती पोर तेराव्या दिवशी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूचा हात धरून दवाखान्यात आली आणि खुर्चीवर बसली. तिच्या मांडीवर काहीच नव्हतं आणि तिचे हात मांडीवर तसेच वळलेले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. ती बाळाबद्दल विचारेल, असं मला वाटलं. मी रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमचा हात लय गार हाय."

"हो," मी म्हणाले. "दंड सैल सोड."